ट्रान्सफर केसखालची स्किड प्लेट, दुसऱ्यांदा

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. तिला खालून दगडांपासून वाचवणारी स्किड प्लेट मी दुसऱ्यांदा केली. पहिल्या प्लेटचे आता पॅच आणि वायसर होणार. पाच मिलीमीटरचा चांगला पत्रा, कडा घासून गुळगुळीत केलेला, पुढचा ओठ, म्हणजे पुढची कड, 45 अंशांत वर वळवलेला. दिसायला झकास होती. बसवली आणि गाडी घोड्यांवरून (टेकूच्या स्टँडवरून) उतरवण्याआधी सहज म्हणून चासीखाली जॅक लावून पुढचा अॅक्सल लोंबू दिला. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून अॅक्सलला फिरवणारा दांडा) ओठाला टेकला. हाताने फिरवला तर खर्र खर्र आवाज.

चूक साधी होती. मी घोड्या अॅक्सलखाली लावल्या होत्या. म्हणजे पाटे (स्प्रिंग) दबलेले, गाडी सपाट रस्त्यावर उभी असते तशी. खड्ड्यात चाक सुटतं तेव्हा अॅक्सल खाली जातो आणि ट्रान्सफर केसमधून पुढे उतरणारा शाफ्ट त्याच्याबरोबर खाली झुकतो. नेमका तिथेच माझा ओठ वर आलेला. रस्त्यावर कधीच कळलं नसतं, पहिल्या चरात कळलं असतं.

या वेळी चासी घोड्यांवर, चाकं हवेत. आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण लोंबवलं, मग एका बाजूचं चाक जॅकने वर दाबलं, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी शाफ्ट पूर्ण फेरा फिरवून पाहिला. नळीचा घेर मोजून भागत नाही. क्रॉसजवळचा योक (शाफ्टच्या सांध्यावरचा दुबेळका) फिरताना जास्त जागा खातो, माप त्याचं घ्यायचं. शिवाय गिअरबॉक्स रबरी माउंटवर हलतो, म्हणून केस आणि प्लेट यांच्यात मी 25 मिली सोडले. ओठाला मधोमध खाच पाडायचं ठरवलं. बाबा टॉर्च धरून बसले होते. म्हणाले, "अरे, खाचच पाडायचीय तर आधीचीच प्लेट काप की." बरोबर होतं त्यांचं, पण जुन्या प्लेटची बोल्टांची भोकंही चुकली होती. त्याचं कारण पुढे.

चासीवरची भोकं जमिनीवर उतरवायला ओळंब्यासारखं काही नाही. प्रत्येक भोकातून दोरा सोडला, फरशीवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या, मग दोन्ही कर्ण मोजले. 3 मिलीचा फरक निघाला. पुन्हा मोजले, तोच. जुन्या चासीला एवढं वाकडेपण असायचंच. म्हणून ब्रॅकेटची (प्लेट चासीला धरणाऱ्या पट्ट्यांची) भोकं लांबट ठेवली, प्लेटची गोल.

आता ब्रॅकेट. चार मिलीच्या पट्टीचे एल, दोन्ही पाय बाहेरून 50 मिली हवे होते. मागच्या वेळी 100 ची पट्टी कापली, मधोमध रेघ मारली, भोकं आधीच पाडून घेतली, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवली. पाय 53 ते साडेत्रेपन्नच्या आसपास भरले, भोकं तेवढीच सरकली. वाकवताना पट्टी कोपऱ्यातून काटकोनात न जाता वळणाने जाते, म्हणून बाहेरून मोजलेल्या दोन पायांची बेरीज मूळ लांबीपेक्षा जास्त येते. आतला रेडियस 4 धरला तर 4 मिलीच्या पत्र्याला एका वाकेमागे साधारण 7 मिली कमी कापावे लागतात. सूत्र पाठ करायची गरज नाही. त्याच पत्र्याची 100 ची पट्टी त्याच व्हाइसमध्ये वाकवा, दोन्ही पाय बाहेरून मोजून बेरीज करा, शंभराच्या वर जे येईल ते वजा करा. या वेळी 93 ची पट्टी घेतली. भोकं वाकवल्यावर पाडली.

प्लेटच्या ओठाचा हिशेब वेगळा. पाच मिली व्हाइसमध्ये वाकत नाही. ग्राइंडरने बाहेरच्या बाजूने तीन मिली खोल चर मारला, दाब देऊन वाकवला. चर उघडला की त्यात वेल्डिंग भरायचं. इथे आतलं माप बदलत नाही, त्यामुळे पुठ्ठ्याचा साचा आतून धरला की पुरतो. भरताना मात्र घाई केली तर ओठ भलतीकडे ओढला जातो. 3.15 मिलीचा 6013 जातीचा वेल्डिंग रॉड, आधी टाके (जागा धरून ठेवणारे छोटे वेल्ड), मग तीन-चार सेंटीमीटरचे तुकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये गार होऊ देत. तरी कड दोन मिली उचललीच. ती हातोड्याने बसवली, कबूल.

ऑइल ड्रेनचं भोक 60 मिलीचं. होल-सॉला (ड्रिलला लावायची गोल करवत) पोलादात मिनिटाला दीडशेच्या आतबाहेर फेरे हवेत, माझं ड्रिल एवढं हळू चालत नाही. गोलावर सहा मिलीची भोकं पाडत गेलो आणि उरलेलं कानशीने. अख्खी संध्याकाळ गेली, खांदा अजून बोलतोय.

ब्रॅकेट चासीला वेल्ड केले नाहीत. बोल्टच, तेही चासीच्या उभ्या भागातल्या जुन्या भोकांतून. वरच्या-खालच्या पट्टीवर ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे नवं भोक नको. ओठाचे टाके मात्र गाडीवरच मारले, बॅटरीची निगेटिव्ह काढून आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावून, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. आणि एक, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या जागी वापरू नका. आर्कजवळ त्याचा विषारी वायू होतो.

600 बाय 500 ची प्लेट, वजन बारा किलोच्या जवळ. एकट्याने छातीवर घेऊन बोल्ट लावायचा उद्योग मागच्या वेळी केला. आता जॅकवर लाकडी फळी टाकून वर चढवली. लोंबत्या अॅक्सलवर शाफ्ट फिरवला, खाचेत बोट मावेल एवढी जागा आहे.

राहिलेलं: पत्र्याची काळी खपली काढून झिंक प्रायमर, खालून लावलेल्या अॅलन बोल्टांच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात चिखल बसू नये म्हणून सिलिकॉन, आणि सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा. काल इंजिन चालू केलं तर एका ठरावीक वेगाला प्लेट घूं करून गुणगुणते. मागच्या दोन बोल्टांत रबरी वायसर घालून बघणार आहे.