दाणे नंतर, आधी पाणी

गॅलरीत पक्षी यावेत असं वाटलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा वाटीभर तांदूळ किंवा बाजरी ठेवली जाते. आठवडा उलटायच्या आत तिथे पारव्यांचा, म्हणजे कबुतरांचा, ठिय्या बसतो. पारवा एकदा जागा धरून बसला की चिमणी, मुनिया, होला तिकडे फिरकत नाहीत. वर एसीच्या मागे चार काड्यांचं घरटं, दोन पांढरी अंडी आणि महिनाभर विष्ठेचा थर हेही आलंच. ही वाळलेली विष्ठा श्वासावाटे छातीत जाणं फुप्फुसांना घातक असतं, म्हणून ती कोरडी कधीच झाडू नये. आधी पाणी मारून भिजवावी आणि नाकातोंडाला मास्क लावून पुसून काढावी. २०२५ मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, त्याचं मूळ हेच.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. बुलबुल, दयाळ, साळुंकी, कावळा हे सगळे पाण्याला येतात, आणि शिंपी किंवा नाचणसारखे कीटक खाणारे पक्षी तर दाण्याला येणारच नाहीत.

कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट ताटली यासाठी उत्तम. बारा ते चौदा इंच रुंद, कडेला अर्धा इंच आणि मध्ये फार तर दोन इंच खोल. यापेक्षा खोल भांड्यात छोटा पक्षी उतरत नाही, उतरलाच तर पिसं भिजून अडकू शकतो. प्लास्टिकवर पाय घसरतात, स्टील दुपारी तापतं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याच्या वर राहू द्या. ताटली ग्रीलवर किंवा कठड्यावर ठेवणार असाल तर तारेने पक्की आवळा. कावळा कडेवर बसला की ती कलंडते आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू शकते.

पाणी रोज बदलायचं. डासांची अंडी ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात डास होत नाहीत. नुसती भर घालत राहिलात तर मात्र होतात. दोन-तीन दिवसांनी ताटली बुळबुळीत लागते, तेव्हा काथ्याने खसखसून घासा, साबण नको. आठवड्यातून एकदा कडक उन्हात पालथी घाला. कावळे शिळी पोळी आणि हाडं आणून पाण्यात भिजवतात, तसं झालं तर दुपारीही पाणी बदलावं लागतं.

शिंजीर, चष्मेवाला आणि फुलटोच्या हे चिमुकले पक्षी सहसा ताटलीत उतरत नाहीत. त्यांना ओली पानं लागतात. दुपारी चारच्या सुमाराला जास्वंदीवर किंवा कढीपत्त्यावर फवाऱ्याने पाणी मारा आणि जरा मागे सरून उभे राहा. शिंजीर पानावर पोट टेकवून सरपटतो, पंख फडफडवतो, पानावरचे थेंब अंगावर घेतो, मग शेजारच्या काडीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून नीट करतो. जवळून पाहण्यासारखं यासारखं दुसरं काही नाही.

झाडं निवडताना शोभेपेक्षा मध आणि फळ पाहा. जास्वंद, एक्झोरा, कर्दळ, शंकासूर यांवर शिंजीर येतो. जास्वंदीच्या फुलाच्या तळाशी चोचीने भोक पाडून तो आडवाटेने मध काढतो. कढीपत्त्याची काळी पिकलेली फळं बुलबुल आणि कोकीळ सोडत नाहीत, म्हणून एका झाडाला तरी फळं धरू द्या. खाली अंगण असेल तर सिंगापूर चेरी लावा. कीटकनाशक मात्र कुठेच मारू नका. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना पहिले काही दिवस ती अळ्या आणि किडेच भरवते. अळ्या संपल्या की पिल्लं उपाशी राहतात.

गॅलरीतली सगळी जळमटंही काढू नका, एक कोपरा सोडा. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्यानेच घरटं बांधते: गवत, सालपटं, कागदाचे कपटे, वाळलेली पानं जाळ्याने चिकटवून लोंबती पिशवी, बाजूला दार आणि दारावर छोटंसं छप्पर. नीट पाहिलं नाही तर वाऱ्याने अडकलेला कचराच वाटतो, आणि साफसफाईत तो ओढून काढला जातो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर घरटं झालं तर ती दोरी महिनाभर सोडून द्या. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. फोटो लांबून घ्या, फ्लॅश नको. शिंप्याचं घरटं तर कुंडीतल्या रुंद पानांत असतं. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून धागा, कापूस किंवा जाळं ओवलेलं. पानं जोडलेली दिसली तर ती रोगट समजून खुडू नका.

चिमणीसाठी पेटी करायची तर मापं महत्त्वाची. अर्धा-पाऊण इंच जाडीची साधी फळी, आतला तळ पाच बाय पाच इंच, उंची आठ-नऊ इंच. भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, आणि तळापासून पाच इंच वर. भोक दोन इंच झालं की साळुंकी घुसते. भोकाखाली दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला बसायला सोय होते. तळाला चार बारीक छिद्रं, छपराला पुढे दोन इंच उतार, आतून रंग नाही. जमिनीपासून आठ-दहा फूट उंच, दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा चुकवून लावा. पत्र्याची पेटी एप्रिलमध्ये भट्टी होते. पिल्लं उडून गेली की जुनं गवत काढून टाका. चिमण्या घरात ये-जा करत असतील तर त्या खोलीतला पंखा बंद ठेवा.

दाणे द्यायचेच असतील तर राळे किंवा बाजरी, सकाळी मूठभर, आखूड दांड्यांच्या टांगत्या नळीत. तिथे पारव्याला बूड टेकता येत नाही. खाली सांडलेलं संध्याकाळच्या आत झाडून घ्या, नाहीतर घुशी येतात. पावसाळ्यात बंद करा, ओल्या दाण्याला बुरशी धरते. फरसाण, पाव, मिठाचं काही नको.

बुलबुलाचं पिल्लू नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं. अंगावर पिसं असतील तर जवळच्या फांदीवर ठेवा, आईबाप आसपासच असतात. उघडं असेल तर सरळ घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लू टाकतात ही समजूत खोटी आहे. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सोसायटीत पावसाळ्याआधी झाडांची छाटणी होते, ती नेमकी कावळ्यांच्या विणीच्या दिवसांत. करवत लागण्याआधी दुर्बिणीने झाड नीट पाहून घ्या. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून मोठं, कातून काढल्यासारखं गोल भोक दिसलं तर ते बहुधा तांबट पक्ष्याच्या घरट्याचं. फांदी पार्किंगवर येत नसेल, तर सेक्रेटरींना ती दाखवून ठेवून घ्या.