दाताचे काम

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज सायकॉलॉजिस्टकडची चौथी बैठक झाली. गेल्या तीन महिन्यांत मी घरी, कारखान्यात आणि मित्रांना इतकी वेगवेगळी कारणे सांगितली आहेत की खरे काय ते निदान या वहीत तरी एका जागी असावे, म्हणून लिहायला बसलो आहे.

सुरुवात जूनमधल्या एका संध्याकाळी झाली. त्या दिवशी मी कारखान्यातून नेहमीपेक्षा लवकर आलो. पार्किंगमध्ये स्कूटर लावताना स्टँडचा खाडकन आवाज झाला आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून येणारा कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज त्याच क्षणी थांबला. वर गेलो तेव्हा बोर्ड भिंतीला टेकवलेला होता आणि अकरा वर्षांचा मुलगा गणिताचे पुस्तक उघडून बसला होता. पावडरीने पांढरी झालेली बोटे मात्र त्याला लपवता आली नव्हती. लहानपणी साताऱ्याच्या घरी वडिलांच्या सायकलचे स्टँड वाजले की आई हळूच "आले बघ" म्हणायची आणि आम्ही दोघे भाऊ पाढे म्हणू लागायचो. वडील आम्हाला मारत नसत. मीही मुलाला कधी मारलेले नाही. तरीही स्टँडचा आवाज त्याला पुरेसा होता.

तेव्हा मला आपण आजारी आहोत असे वाटत नव्हते. वडील गेल्याला दोन वर्षे होत आली होती. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. पाठ दुखायची, पण एमआरआयमध्ये काही सापडले नव्हते. शनिवारी रात्रीपुरता असलेला ग्लास आठवड्यातून चार वेळा भरला जाऊ लागला होता, आणि सिग्नलवर कोणी हॉर्न वाजवला तर मी गाडीवरून उतरून भांडायला जात होतो. या सगळ्याला माझ्याकडे "डोकं फिरतं" एवढा एकच शब्द होता, आणि 'दुःख' हा शब्द तर मी वडिलांच्या तेराव्यालाच वापरून संपवला होता.

मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट पटायला मला तक्ता लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ सालचा तक्ता एका रात्री वाचला. देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते, आणि राज्यांमध्ये २२,७४६ एवढा सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. शंभर नाकारलेल्या नगांतले बाहत्तर एकाच मशीनवरचे निघाले तर आम्ही लाइन थांबवतो आणि शिफ्ट संपली तरी कोणी घरी जात नाही. माझ्या मनात तसे काही नव्हते, एवढे स्पष्ट लिहून ठेवतो. पण त्या रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मराठीतच, अजिबात न अडखळता, जीव द्यावासा वाटतो का असे थेट विचारले, आणि मी "नाही" म्हटल्यावर "मग बाकीचं कोणाजवळ तरी बोला, तेवढं टाळू नका" असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याजवळ बोलता येईल अशा तज्ज्ञांची एक्सेलची शीट केली. नाव, शिक्षण, परिषदेचा नोंदणी क्रमांक, भाषा, फी, संध्याकाळची वेळ आणि पार्किंग असे रकाने पाडले. (पार्किंगचा रकाना वाचून बायको हसली, पण पुण्यात राहणारा कोणीही तो रकाना गाळणार नाही.) त्या निमित्ताने बरेच कळले. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.डी.सारखे पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावी लागते आणि तो क्रमांक तपासता येतो. 'समुपदेशक' ही पाटी मात्र तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतरही लावलेली दिसते. आणि मी ज्याच्या शोधात निघालो होतो, त्या 'पुरुषांच्या मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ' अशा नावाची वेगळी पदवी किंवा वेगळी नोंदणी आपल्याकडे मला कुठेच दिसली नाही. ज्यांच्या माहितीत ते शब्द होते, त्यांच्याच माहितीत चिंता, विवाह, करिअर, बालक, शोक, व्यसन, परीक्षा हे सगळेही होते. साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज आणि जैन थाळी एकाच पाटीवर लिहिलेल्या हॉटेलासारखे. एकोणीस नावांतली पुरुषांची नावे चारच होती.

सर्वांत आधी ज्यांच्याकडे गेलो त्या बाई अनुभवी आणि मनाने फार चांगल्या होत्या. त्यांनी मला नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली दिली, जिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. सत्तावीसपैकी माझे आठ आले आणि मी परीक्षेत पास झाल्यासारखा खूश होऊन बाहेर पडलो. उदास वाटते का, या प्रश्नाला मी 'अजिबात नाही' ही खूण केली होती आणि ती माझ्या समजुतीप्रमाणे खरी होती. राग, दारू किंवा सिग्नलवरची भांडणे यांबद्दल त्या नऊ प्रश्नांत काहीच नव्हते, आणि आपण होऊन सांगण्याची मला सवय नव्हती.

दुसऱ्या गृहस्थांच्या पाटीवर 'खास पुरुषांसाठी' असे ठळक अक्षरांत होते. त्यांनी मला पहाटे पाचला उठायला, गार पाण्याने अंघोळ करायला आणि त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिराला यायला सांगितले. नोंदणी क्रमांक विचारल्यावर विषय बदलला. पहाटे साडेतीनला आपोआप उठणाऱ्या माणसाला पाचला उठण्याचा सल्ला देऊन त्यांनी पंधराशे रुपये घेतले, याचा राग अजून गेलेला नाही.

तिसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. दार उघडल्याबरोबर मला ते पटले नव्हते. आमच्या विभागात या वयाची मुले माझ्याकडे रजा मागायला येतात. त्यांनी आधी गोपनीयतेचे सांगितले. इथले बोलणे बाहेर जात नाही, याला अपवाद फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि तेव्हाही आधी तुमच्याशी बोलेन, असे ते म्हणाले. मग 'कसे वाटते' हे विचारलेच नाही. काल कारखान्यातून सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, ते मिनिटामिनिटाने सांगा, असे म्हणाले. तक्ता म्हटल्यावर मी बोलू लागलो. गाडी कोणत्या वेगाने चालवली, ग्लास कितीला भरला, दुसरा कितीला भरला, आवाज कोणावर चढला आणि त्याच्या आधी पाच मिनिटे काय झाले होते, असे ते मधूनमधून विचारत होते. पार्किंगपर्यंत आलो तेव्हा मी स्टँडचे सांगितले, सायकलच्या स्टँडचेही सांगितले, आणि पुढचे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि घाई केली नाही.

त्यांच्याकडच्या दुसऱ्या बैठकीत त्यांनी स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाची हकीकत सांगितली. तिथल्या डॉक्टरांना १९८३-८४ मध्ये नैराश्य ओळखण्याचे खास प्रशिक्षण दिले गेले आणि त्यानंतर बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण त्या स्त्रियांच्या. पुरुषांच्या आकड्याला फारसा धक्का लागला नाही. पुरुष डॉक्टरांकडे जातच नव्हते, आणि जे जात होते त्यांची चिडचिड आणि दारू यांना कोणी नैराश्य म्हणत नव्हते. त्यातूनच पुढे तेरा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली, जिच्यात राग, थकवा आणि व्यसनही विचारतात. तिच्यात मी सहज पास झालो नाही. 'तज्ज्ञ' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा थोडाफार कळला. माझ्यासारखा माणूस जे आपण होऊन कधीच सांगणार नाही, ते या मुलाला विचारता येते. (मुलगा म्हणायचे नाही असे ठरवले आहे. सवय जात नाही.)

आजच्या बैठकीत बहुतेक वेळ वडिलांवर गेला, आणि त्यातले इथे लिहायला अजून मन होत नाही. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटावे असे त्यांनी सुचवले आहे; त्यांचे नाव शीटमध्ये घातले. ग्लास या आठवड्यात दोनदाच भरला. पाठ दुखतेच आहे.

बायकोला सगळे सांगितले आहे. कारखान्यात नाही. दर गुरुवारी पाचला निघण्यासाठी रजिस्टरमध्ये 'दाताचे काम' असे लिहितो. आज सही करताना शिफ्टचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "चार गुरुवार झाले, अजून किती दात राहिलेत तुमचे?"

"अक्कलदाढ आहे सर," मी म्हणालो. "वेळ लागणार आहे."