ऑगस्टमध्ये बंद असणारी इटली आणि माझी मोटारसायकल

गाडी घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी देवगडजवळच्या जामसंड्याचा एक मेकॅनिक मुद्दाम ती पाहायला आला. आपे रिक्षा आणि मच्छीमारांच्या होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले आहे. मी इंजिन सुरू केल्यावर तो दोन मिनिटे मान तिरकी करून ऐकत राहिला, आणि मग एखाद्याला वाईट बातमी सांगावी तशा सुरात म्हणाला, "काकानू, आवाज बरो आसा, पन एक सिलिंडर मिस मारता हा."

त्याचे कान चुकत नव्हते. दोन सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, इंधन पेटण्याचे दोन ठोके पडतात. ते सारख्या अंतराने पडायचे असतील तर दर ३६० अंशांनी पडायला हवेत. माझ्या गाडीत मात्र एका ठोक्यानंतर दुसरा २७० अंशांवर पडतो आणि त्यापुढचा ४५० अंशांनी. सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून बसवले की ही विषमता आपोआप येते, आणि सिलिंडर शेजारी शेजारी असतील तर क्रँकपिनांमध्ये, म्हणजे पिस्टन त्या दांड्याला जिथे जोडले जातात त्या जागांमध्ये, २७० अंशांचे अंतर ठेवून ती मुद्दाम आणली जाते, कारण या मांडणीत दोन्ही पिस्टन एकाच वेळी थांबत नसल्याने त्यांचे काही धक्के एकमेकांत विरतात आणि मागच्या चाकाला टायरची पकड राखण्यासाठी मधे थोडी उसंत मिळते, असे मानले जाते. एक ठोका घाईचा आणि एक विसाव्याचा, असा तो ताल आहे. मेकॅनिकला मी हे सगळे समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि जाता जाता 'तरी एकदा प्लग बघा' असा सल्ला दिलाच.

मी जहाजांच्या इंजिनखात्यात वीस वर्षे काढून देवगडला परतलो आहे. आंब्याची बाग आहे, आई आहे, आणि गेल्या ऑक्टोबरपासून ही इटालियन स्पोर्ट मोटारसायकल आहे. कंपनीचे नाव मी जाणूनबुजून लिहीत नाही, कारण ते लिहिले की वाचणारे गाडीविषयी न वाचता कंपनीविषयी वाद घालू लागतात. मला सांगायचे आहे ते एवढेच, की या गाडीविरुद्ध माझ्याकडे तक्रारींची एक वही भरली आहे आणि तरीही अकरा महिन्यांत ती विकण्याचा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नाही. ही वही खरोखरची आहे. इंजिनरूममध्ये दर पहाऱ्याला तापमाने आणि दाब नोंदवण्याची सवय जडलेली असल्याने मी गाडीचेही लॉगबुक ठेवले आहे.

कोकणाला इटालियन वाहन नवे नाही, हेही येथे नोंदवतो. बंदरावरून मासळीच्या टोपल्या आणि बागेतून आंब्याच्या पेट्या वाहणारी जी आपे आपण रोज पाहतो, तिचे नाव इटालियन भाषेतले असून त्याचा अर्थ मधमाशी असा आहे. १९४६ साली तिकडे जी स्कूटर निघाली ती व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, आणि १९४८ साली तिलाच मागे दोन चाके जोडून ही मधमाशी तयार झाली. दोन्हींमागे कोराडिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याचे डोके होते. तेव्हा माझ्या अंगणात आली आहे ती त्याच देशाची, पण अगदी वेगळ्या स्वभावाची बहीण म्हणावी लागेल. आपे सोशिक आहे, ही नाही.

लॉगबुकातील सर्वांत जास्त नोंदी उष्णतेच्या आहेत. पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या पुढे गेले की पंखा सुरू होतो आणि रेडिएटरमागची सगळी गरम हवा थेट मांडीवर येते. चालत्या गाडीत हे जाणवत नाही. परंतु एप्रिल महिन्यात, आंब्याचे ट्रक भरले जात असताना बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यात दहा मिनिटे अडकून पडलात, तर इंजिनरूममध्ये मी ज्या तापमानात पहारे केले त्याची आठवण होते. फरक इतकाच, की तेथे अंगात बॉयलरसूट असे आणि येथे चारचौघांत निर्विकार चेहरा ठेवावा लागतो.

दुसरी मोठी तक्रार पहिल्या गिअरची. तो इतका उंच ठेवला आहे की ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने गाडी नीट चालतच नाही. प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी कमी फेऱ्यांवर इंजिनाला पेट्रोल हात राखून दिले जाते, त्यामुळे तेथे ते ठेचकाळते, आणि मग अर्धा क्लच दाबून गाडीची समजूत काढत पुढे जावे लागते. आमच्याकडे प्रत्येक शाळेपुढे, देवळापुढे आणि ज्याच्या मनाला येईल त्याच्या घरापुढे गतिरोधक आहे, त्यामुळे कुणकेश्वरला जाऊन येईपर्यंत डावे मनगट दुखू लागते. न्यूट्रल सापडणे हा नशिबाचा भाग आहे; गाडी किंचित चालती असताना तो लागतो, पूर्ण थांबल्यावर पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर असे टोलवत बसावे लागते. हँडल दोन्ही बाजूंना इतके थोडे वळते की आमच्या पाणंदीत गाडी फिरवायची झाल्यास सहा वेळा पुढे-मागे करावी लागते. आरशांत मला माझीच कोपरे दिसतात. हॉर्नचा आवाज घाटातल्या वळणावर एसटीच्या चालकाला ऐकू जाईल असा मुळीच नाही.

आईची तक्रार या सर्वांहून मूलभूत आहे. पहिल्याच दिवशी तिने मागची बसण्याची जागा हाताने चाचपून पाहिली, ती पाटावर दुमडून ठेवलेल्या टॉवेलाएवढी निघाली, आणि तिने विचारले, "ह्येच्यार बसवन माका डाक्टराकडे कसो न्हेतलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आईला डॉक्टरकडे आपेतूनच न्यावे लागते.

साइड स्टँडचे टोक एखाद्या जुन्या रुपयाएवढे आहे, आणि पावसाने भिजलेल्या मातीत ते पाहता पाहता रुतते. यावर आंब्याच्या पेटीची एक फळी कापून, तिला भोक पाडून, त्यात सुतळी ओवली आहे. गाडी उभी करताना फळी खाली टाकायची, आणि निघताना बसल्या जागेवरून सुतळी ओढून ती वर घ्यायची. इतक्या महाग यंत्राच्या हँडलला बांधलेली ती सुतळी पाहून मालवणच्या एका तरुणाने मला हे कोणते अॅक्सेसरी आहे म्हणून विचारले होते.

खाऱ्या वाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. तो दोष गाडीचा नाही आणि तो मला चांगलाच परिचयाचा आहे. समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने चेन दर तीनशे किलोमीटरला पुसून तेल दिलेच पाहिजे. चेनच्या रबरी कड्या खराब होऊ नयेत म्हणून पेट्रोल वापरायचे नाही, रॉकेलाने पुसून वर नव्वद नंबरचे गिअर ऑइल लावायचे. पावसाळ्यात एका रात्रीत ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचा तांबूस थर येतो आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकांत निघून जातो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. जांभ्याची लाल माती रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसून सुकली, तर मात्र घाबरावे. ती दाबाच्या पाण्याने धुतली तर पापुद्रे वाकतात, म्हणून मी दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने ती भिजवून काढतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून मुसळधार पावसाच्या आठवड्यांत गाडी उभी ठेवायची झाल्यास टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नाही.

गाडी पुण्याहून आणली. अधिकृत सेवाकेंद्र तिथेच. देवगड ते पुणे अंतर कोल्हापूरमार्गे सुमारे ३७५ किलोमीटर आहे आणि पहिली सर्व्हिसिंग एक हजार किलोमीटरला करायची होती. येताना ३७५ गेले, परत जायला ३७५ राखून ठेवले, आणि मला माझ्या गावात हिंडायला अडीचशे किलोमीटर उरले. ते मी कंजुषाने नोटा मोजाव्यात तसे वापरले. किती देते, या प्रश्नाला मी लिटरला वीसच्या आसपास असे खरे उत्तर देतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जी करुणा उमटते ती स्वीकारतो.

इतके सारे असताना समाधान कसले, हे आता सांगायला हवे. आमच्या घरापासून निघून सडा, म्हणजे कातळाचा माळ, ओलांडला की रस्ता खाडीकडे उतरतो. उतारावर सात वळणे आहेत. त्यांतील चौथे वळण बाहेरून साधे दिसते आणि आत शिरल्यावर आणखी आवळत जाते. आधीच्या गाडीवर मी त्या वळणात दर वेळी मधेच ब्रेकला हात घालत असे. या गाडीवर पुढच्या टायरखाली काय आहे, खडी आहे, ओल आहे की झिजलेले डांबर आहे, ते हँडलमधून मनगटाला इतके स्पष्ट कळते की हात आपोआप शांत राहतो. जहाजावर नव्याने आलो तेव्हा एका वृद्ध फिटरने मला शिकवले होते, की संवेदक काहीही सांगो, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि स्वतः ऐकायचे. त्या सात वळणांत मला नेमके तेच करत असल्यासारखे वाटते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे तो लंगडा ताल एकसंध होतो, क्लच न दाबता गिअर वर सरकतो, आणि खाली ठेचकाळणारी हीच का ती गाडी, असा प्रश्न पडतो. पुलावर पोहोचल्यावर मी बहुतेक वेळा गाडी वळवून पुन्हा वर जातो. वळवायला सहा वेळा पुढे-मागे करावी लागते, ते आहेच.

इटालियन अभियंत्यांचा एक हट्ट मला आवडतो. इंजिनाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडायला कॅम (उंचवटा असलेली फिरती चकती) आणि मिटायला स्प्रिंग ही जगभरची रीत. परंतु फार वेगाने फिरणाऱ्या इंजिनात स्प्रिंगला वेळेवर मिटणे जमत नाही. १९५६ साली डुकाटीच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीसाठी फाबियो तालियोनी यांनी व्हॉल्व्ह मिटवण्यासाठीही स्वतंत्र कॅम दिला आणि ती किचकट रचना पुढे रस्त्यावरच्या गाड्यांतही आणली गेली. मी ज्या मोठ्या सागरी इंजिनांवर काम केले त्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटवायला पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा वापरलेली असे, त्यामुळे या प्रश्नावर माणसे किती परीने डोके चालवतात याचे मला कौतुक आहे. माझ्या गाडीत साध्या स्प्रिंगाच आहेत. वृत्ती मात्र तीच: एक गोष्ट उत्तम करायची ठरवली की बाकीच्या दहा गोष्टी मालकाने सांभाळून घ्याव्यात.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी बंद पडली. इंजिन सुरू होई, पण पहिला गिअर टाकताच ते मरे. हे लक्षण ओळखायला कठीण नव्हते. साइड स्टँड खाली असताना गाडी निघू नये म्हणून तेथे एक स्विच असतो. त्याच्या जोडात खारे पाणी शिरून हिरवी पूड जमली होती, आणि स्टँड वर असूनही तो खालीच असल्याचे गाडीला वाटत होते. मी जोड उघडला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूड काढली, ग्रीस भरून पुन्हा बसवला आणि गाडी चालू झाली. तरीही नवा स्विच असावा म्हणून सेवाकेंद्राला फोन केला. तेथील मुलाने अतिशय नम्रपणे सांगितले, की भाग इटलीहून यायचा आहे आणि ऑगस्टमध्ये तिकडे सगळे बंद असते.

मला राग यायला हवा होता. पण १५ ऑगस्टचा फेर्रागोस्तो हा त्यांचा सण, आणि त्याच्या आगेमागे कारखानेच्या कारखाने दोन-तीन आठवडे कुलूपबंद होऊन माणसे समुद्रावर जातात, हे मी जेनोव्हाच्या बंदरात एका पंपाच्या सीलसाठी ताटकळताना पाहिलेले होते. शिवाय चतुर्थीच्या दिवसांत आमच्याकडे गवंडी मिळत नाही, सुतार मिळत नाही, मुंबईहून आलेला चाकरमानी सोडला तर कोणी फोनही उचलत नाही. आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

स्विच आला तो गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी. कुरिअरवाला खोके पडवीत ठेवून गेला तेव्हा मी गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला कवंडळे आणि हरणे ही रानातली फळे-फुले बांधत होतो. सहीदेखील आईनेच केली. गौरी-गणपती होऊन आता आठवडा लोटला आहे. खोके अजून कपाटावर तसेच आहे, आणि जुनाच स्विच चालतो आहे.