जुनी हवेची बोट फ्लाय फिशिंगसाठी तयार करताना

वापरलेली पीव्हीसी बोट, लांबी पावणेतीन मीटर. नळीचे तीन कप्पे, खाली कण्याची वेगळी नळी, तळही हवेचाच. सोबत सहा नंबरचा नऊ फुटी फ्लाय रॉड, रीळ आणि लेबल गेलेली एक लाइन (फ्लाय फिशिंगमध्ये गळावरचा नकली किडा अगदी हलका असतो, तो या जाड लाइनच्या वजनाने, रॉड मागेपुढे हलवून फेकतात). रात्री टणक फुगवलेली बोट सकाळी डाव्या बाजूला बोटाने दाबली की आत जायची. हे सगळं पाण्यावर नेण्यालायक करताना कुठे किती वेळ गेला आणि का, ते लिहितोय.

बोट मऊ पडली म्हणजे पंक्चरच, असं धरून चालू नका. ३० अंशांच्या हवेत ०.२५ बारपर्यंत (साधारण ३.६ पीएसआय) फुगवलेली नळी १५ अंशांच्या पाण्यावर ठेवली की आतली हवा आकसते आणि गेज ०.१९ च्या आसपास येतं. हवा कुठेही गेलेली नसते. उलटं प्रकरण जास्त वाईट. सकाळी १५ अंशांना नीट भरलेली बोट दुपारी काठावर उन्हात राहिली आणि नळीतली हवा ४५ अंशांवर गेली, तर दाब ०.३८ च्या दिशेने चढतो. कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी राहील, पण सांध्यांवरचा ताण खराच. म्हणून बोट पाण्यावर टाकल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा दाब बघायचा आणि काठावर ओढली की थोडी हवा सोडायची. पावलांचा पंप मारून शीण आलेला असतो, त्यामुळे हवा सोडायला जीव होत नाही, हे मान्य.

चाचणी घरात घेतली. तापमान स्थिर राहील अशा खोलीत तिन्ही कप्पे ०.२५ बारला भरले आणि गेजचा आकडा, खोलीचं तापमान, वेळ हे तिन्ही लिहून ठेवलं. चोवीस तासांनी त्याच तापमानाला दोन कप्पे जवळपास जागेवर होते, तिसरा ०.१० वर. गेज लावताना आणि काढताना थोडी हवा जातेच, त्यामुळे शेवटच्या अंकातल्या फरकाने घाबरायचं नाही.

आणखी एक गोष्ट तपासायची राहून जाते: दोन कप्प्यांमधला आतला पडदा. एक कप्पा अर्धवट भरा, शेजारचा रिकामा ठेवा आणि काही तास थांबा. शेजारचा आपोआप फुगू लागला तर गळती पडद्यात आहे. बाहेरून ठिगळ लावून ती थांबत नाही, त्यामुळे अशी बोट घ्यायच्या आधीच सोडून दिलेली बरी. यात ‘अर्धवट’ या शब्दाला महत्त्व आहे. एक कप्पा पूर्ण दाबाने भरून शेजारचा रिकामा ठेवला तर सगळा ताण त्या पडद्यावर येतो, आणि नसलेली गळती आपणच तयार करतो. त्याच कारणाने रोजची बोट फुगवतानाही सगळे कप्पे आधी अर्धे भरायचे, मग एकेक करून पूर्ण दाबाला आणायचे. तळ ०.७ ते ०.८ बार मागतो (१० ते ११.५ पीएसआय). हे बहुतेक हवेच्या तळांचे आकडे. आपल्या बोटीच्या पट्टीवर छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

आता साबणाचं पाणी. भांडी घासायचा द्रव साबण एक भाग, पाणी पाच भाग, आणि स्पंज. फेस नको, पातळ थर हवा. आधी व्हॉल्व्ह, मग सांधे, मग कड्यांची आणि पट्ट्यांची मुळं, सगळ्यात शेवटी मोकळं कापड. डाव्या कप्प्याच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी भरलं आणि टाचणीच्या डोक्याएवढा एकच बुडबुडा कडेला चिकटून राहिला. तो हळूहळू हरभऱ्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. बुडबुडा मधल्या दांड्यापाशी असेल तर आतली सीलची चकती नीट बसत नाही. बाहेरच्या कडेला, कापडाशी असेल तर व्हॉल्व्हचे दोन भाग एकमेकांवर सैल झालेत.

हॅल्की-रॉबर्ट्स पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये मधला दांडा दाबून फिरवला की उघडा राहतो, पुन्हा दाबून फिरवला की बंद होतो. उघडा असताना वाळूचा एक कण चकतीवर बसला तरी रात्रभरात हवा उतरते. बऱ्याचदा दांडा पाचसहा वेळा झटक्याने दाबून सोडला की कण हवेबरोबर उडून जातो. इथे तसं झालं नाही. मग कप्पा रिकामा केला, आतला नट कापडाबाहेरून मुठीत घट्ट धरला आणि व्हॉल्व्हच्या पान्याने वरचा भाग उलटा फिरवून काढला. चकती साध्या पाण्याने धुतली, बसायची जागा ओल्या कापडाने पुसली आणि परत आवळलं. आतला नट धरला नाही तर तो पान्याबरोबर फिरतो आणि कापडाला मुरड पडते. सीलला ग्रीस किंवा सिलिकॉन लावायचा मोह आवरा. ते कापडावर पसरतं आणि पुढे त्या भागात ठिगळ चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही.

व्हॉल्व्ह बसला, पण गळती निम्मीच थांबली. पोटाकडच्या सांध्यापासून चार बोटांवर सुईच्या टोकाएवढं भोक निघालं.

ठिगळाआधी कापड ओळखावं लागतं, पीव्हीसी की हायपॅलॉन हे रबरी कापड. पीव्हीसी आतून-बाहेरून साधारण सारखंच, जरा चकचकीत आणि गुळगुळीत दिसतं. हायपॅलॉन रबरासारखं मंद असतं, आणि आतली बाजू बऱ्याचदा वेगळ्या रंगाची असते, कारण आतला थर निओप्रिनचा असतो. हायपॅलॉन हे ड्यूपाँटचं व्यापारी नाव. ड्यूपाँटने त्याचं उत्पादन २०१० मध्ये थांबवलं. तेच रसायन आता सीएसएम या नावाने इतर कंपन्या बनवतात, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलंय. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचं दोन भागांचं सोल्यूशन लागतं आणि हायपॅलॉनला निओप्रिनवर आधारलेलं. सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते साल निघावी तसं सुटतं. सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो आणि कापड वाकलं की तडकतो. दोन्हींचे अवशेष खरवडायला नवं ठिगळ लावण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

पहिलं ठिगळ तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून उचललं गेलं. कारण नंतर समजलं: आधीच्या मालकाने बोट चमकावी म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. पाण्याचा थेंब कापडावर टाकला की तो पसरायच्या ऐवजी मणी होऊन उभा राहायचा. ही खूण आधी बघायला हवी होती. विकायला काढलेली बोट फार चमकत असेल तर मला आता संशयच येतो.

दुसऱ्या वेळी काम असं केलं. भोकाच्या चारही बाजूंना पाच सेंटीमीटर जाईल एवढं गोल ठिगळ कापलं. कोपरे ठेवायचे नाहीत, कोपऱ्यातूनच ते सुटायला लागतं. जागा पेन्सिलने आखली (बॉलपेनची शाई पीव्हीसीत झिरपते आणि कायमची दिसते) आणि भोवती मास्किंग टेप लावला. एमईके या द्रावकाने पुसलं, दर वेळी फडक्याची कोरी बाजू घेऊन, पाण्याचा थेंब सपाट पसरेपर्यंत. मग बारीक पॉलिश पेपरने फक्त चमक जाईल इतकं घासलं, धागे दिसू लागण्याआधी थांबलं आणि पुन्हा पुसलं. एमईकेच्या वाफा डोक्यात जातात आणि लगेच पेट घेतात. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास ज्योत नाही.

सोल्यूशनमध्ये हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घालायचा. ‘थोडा जास्त घातला तर पक्कं बसेल’ हा समज चुकीचा आहे. जास्त हार्डनरने थर ठिसूळ होतो. मिश्रण काही तासांतच घट्ट होतं, म्हणून लागेल तेवढंच करायचं. पहिला पातळ थर बोटीला आणि ठिगळाला, तो साधारण अर्धा तास वाळू दिला. दुसरा थर दिला आणि पाच ते दहा मिनिटांनी, बोटाची मागची बाजू लावली की चिकटते पण धागा ओढत नाही, या अवस्थेला ठिगळ मधून कडेकडे बसवलं. छोटा रोलर नसला तर चमच्याची पाठ चालते. जोर लावून मधून बाहेर घासत जायचं, नाहीतर हवेचा फुगा आत राहतो आणि गळती त्याच वाटेने निघते. हे सगळं बोट सपाट, हवा काढलेली असताना. चोवीस तास फुगवायची नाही.

ओलसर हवेत हे काम करू नका. द्रावक उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि सोल्यूशनवर पांढुरकी झाक येते. ती दिसली की थांबायचं, पुसून कोरड्या दिवशी परत करायचं. १८ ते २५ अंश आणि कोरडी हवा हा हिशेब बरा.

बोट टिकायला लागली, मग सामान. लोक आधी रॉड घेतात आणि मग बोट बघतात, पण माझ्या मते बोटीने रॉड ठरवावा. नळीवर किंवा बसक्या आसनावर बसलं की कोपर पाण्यापासून जेमतेम दोन हात वर असतो. मागे फेकलेली लाइन त्यामुळे पाण्यावर आपटते आणि पुढची फेक मरते. उभं राहून नऊ फुटी रॉड पुरतो, बसून साडेनऊ किंवा दहा फुटी लागतो. नऊ फुटीच असेल तर मागची फेक थोडी लवकर आणि जास्त वर थांबवायची आणि लाइन कमी बाहेर ठेवायची.

लेबल गेलेली लाइन कुठल्या नंबरची, हे वजनकाटा सांगतो. लाइनचा नंबर तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो: पाच नंबर १४० ग्रेन म्हणजे ९.१ ग्रॅम, सहा नंबर १६० ग्रेन म्हणजे १०.४, सात नंबर १८५ म्हणजे १२, आठ नंबर २१० म्हणजे १३.६. टोकाचा जाडी न बदलणारा छोटा तुकडा मोजणीत धरत नाहीत. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वाटी ठेवून पुढचे नऊ मीटर गुंडाळले तर ११.९ ग्रॅम भरले. म्हणजे रॉड सहाचा, लाइन सातची. आजकाल अनेक लाइनी मुद्दाम अर्धा नंबर जड बनवतात, पण हा फरक त्याहून मोठा. जवळच्या फेकीला चाललं असतं, लांब फेकीत रॉड मधूनच वाकत होता. सहा नंबरची, पुढे जड असलेली तरंगती लाइन घेतली.

जुन्या लाइनीला बारीक आडव्या भेगा होत्या. लाइनचं आवरण बहुधा पीव्हीसीच असतं, आणि डास पळवायच्या मलमातलं डीट ते खाऊन टाकतं. मलम तळहाताने लावलं की हात धुतल्याशिवाय लाइनला शिवायचं नाही. एरवी कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ फडक्यातून लाइन ओढून घ्यायची, साध्या पाण्याने धुवायची. मळलेली लाइन रॉडच्या कड्यांत घासते आणि टोकाकडून बुडायला लागते.

लीडर (लाइनच्या टोकाला बांधायचा निमुळता पारदर्शक दोरा) नऊ फुटी, टोकाला ४एक्स, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. एक्सचा आकडा अकरातून वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. गळाच्या नंबरला तीनने भागलं की साधारण जुळणारा एक्स निघतो, बारा नंबरच्या गळाला चार. बसून मासा जाळ्यात घ्यायचा असतो, म्हणून लांब लीडर टाळा. लाइन आणि लीडरची जोडगाठ रॉडच्या टोकाच्या कडीत अडकते आणि नेमका तेव्हाच मासा सुटतो. गाठ आवळण्याआधी ओली करायची. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरा कमजोर पडतो.

बोटीत खरा वैताग सुटलेल्या लाइनचा. व्हॉल्व्हचं झाकण, वल्ह्याची कडी, बुटाची नाडी, जे जे बाहेर आलेलं असेल त्याला ती जाऊन अडकते. मांडीसमोर बारीक जाळीचं कापड पसरून त्याच्या कडा नळीखाली खोचल्या, प्रश्न मिटला. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने चपटे केले. मासा सोडायला सोपं, आणि स्वतःच्या कानात रुतला तर तेही. गळाने नळी फुटेल ही भीती मला फारशी नाही. बोटी फाटतात त्या उघडा चाकू, टोकदार पक्कड आणि चार नख्यांच्या नांगराने. नांगर गोल टोपीचा घ्या, दोर खोलीच्या तिप्पट तरी सोडा आणि वाहत्या पाण्यात तो मागच्या टोकाला कधीही बांधू नका. प्रवाह मागचा भाग खाली ओढतो आणि पाणी आत येतं.

फुगणारं लाइफ जॅकेट असेल तर सिलिंडर उघडून वजन करा. भरलेल्या सिलिंडरचं किमान वजन त्यावरच कोरलेलं असतं. कमी भरलं तर बदला.

परत आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवायची आणि तळ उचलून खालची खाच वाळवायची. बुरशीचा वास तिथूनच सुरू होतो. व्हॉल्व्ह उघडे ठेवून सैल गुंडाळी, दर वेळी घडी वेगळ्या जागी. रॉड ओल्या नळकांड्यात ठेवला तर वार्निशला फोड येतात. सांधा अडकला तर पिळायचा नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने एक हात वरच्या आणि एक खालच्या तुकड्यावर ठेवून सरळ ओढायचं. रिळाचा ब्रेक पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या कॉर्कच्या चकत्या दबून राहतात. आणि दुरुस्तीच्या डब्यातलं सोल्यूशन उघडल्याची तारीख टेपवर लिहून चिकटवा. बाहेरून भरलेला वाटणारा डबा आतून खरवसासारखा झालेला असतो, आणि ते नेमकं काठावर कळतं.