ओव्हरटन टेकडीवरचं गेलेलं शिळावर्तुळ

इंग्लंडात येणारे पाहुणे स्टोनहेंज पाहायला मागतात. ते जरूर पाहावं, पण त्याच विल्टशर परगण्यात एव्हबरी गावाजवळच्या ओव्हरटन टेकडीवरही अर्धा तास द्यावा. या जागेला 'सँक्च्युअरी' म्हणतात. शेजारून ए4 रस्ता धडधडत जातो आणि गवतात सिमेंटचे बुटके ठोकळे गोलाकार मांडलेले दिसतात. दगड एकही नाही, कारण सगळे 1724 च्या सुमारास काढून नेले.

इथे आधी लाकडी खांबांची कडी होती, पुढे एकात एक अशी दोन शिळावर्तुळं उभी राहिली. बाहेरच्यात 42 शिळा होत्या आणि व्यास होता सुमारे 40 मीटर. इथून एव्हबरीच्या मोठ्या शिळावर्तुळापर्यंत दुतर्फा दगड लावलेली वाट जात असे. ही शिळांची रचना सुमारे चार हजार वर्षं टिकली आणि शेत नांगराखाली आणायला दगडांचा अडथळा नको, शिवाय बांधकामाला दगड हवा, एवढ्या कारणांपायी गेली.

या शिळा सार्सनच्या होत्या. सार्सन हा वाळूचे कण सिलिकाने घट्ट सांधलेला दगड. त्यावर छिन्नी बोथट होते. म्हणून एव्हबरीत वापरली जाणारी रीत अशी होती: शिळेच्या बुडाशी खड्डा खणायचा, तिला त्यात आडवं पाडायचं, खाली लहान दगडांचा टेकू द्यायचा म्हणजे हवा खेळते. मग पेंढा कोंबून पेटवायचा. दगड चांगला तापला की जिथे फोडायचा तिथेच, रेषेत, थंड पाणी ओतायचं आणि लगेच घणाचे घाव घालायचे. तापून फुगलेला दगड त्या रेषेवर एकदम आकसतो आणि तडकतो. एवढ्या खटपटीने मिळालेला दगड घराला फारसा चांगलाही नव्हता. हिवाळ्यात सार्सनच्या भिंती ओलावतात आणि घरातलं लाकूडसामान कुजतं.

हे आपल्याला कळलं ते जुन्या अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्ट्यूकली याच्यामुळे. 1719 पासून काही वर्षं तो इथे येत राहिला. दगड फुटत असतानाच त्याने शिळा मोजल्या, नकाशे काढले, फोडायची रीतही लिहून ठेवली. ही वर्तुळं ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांची, हे त्याचे तर्क आज कोणी मानत नाही, मोजमापं मात्र कामी आली. त्याच्याच नोंदींच्या आधारे पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन यांनी 1930 मध्ये ही जागा शोधून उकरली. दगड गेले तरी ते रोवलेले खड्डे खालच्या खडूच्या थरात तसेच होते, लाकडी खांबांचेही सापडले. आजचे ठोकळे त्याच खड्ड्यांवर बसवलेत.

एव्हबरीतला फरक आम्हाला फार बोलका वाटतो. मध्ययुगात तिथल्या कित्येक शिळा खड्डे खणून पुरून टाकल्या होत्या. त्या वाचल्या. 1930 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलर यांनी त्या वर काढून मूळ जागी उभ्या केल्या. एका पुरलेल्या शिळेपाशी 14 व्या शतकातल्या माणसाचा सांगाडा मिळाला, जवळ कात्री आणि चांदीची नाणी होती. जाळलेल्या शिळांच्या जागी उरला होता करपलेला पेंढा आणि कपच्या. पुरलेली शिळा परत उभी करता येते, फोडलेलीला परतीची वाट नाही.

लंडनहून स्विंडनपर्यंत रेल्वे, पुढे बस. एव्हबरी पाहून वेस्ट केनेटच्या शिळांच्या वाटेने टेकडीपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालत यावं. तिकीट नाही. पावसानंतर खडूची माती फार निसरडी होते, तेव्हा बूट चांगले हवेत.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी थोडं. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीला लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळं आहेत. ती दफनांची, म्हणजे एव्हबरीहून वेगळ्या प्रकारची आणि काळाने बरीच अलीकडची. पण नांगर आणि खडीचा धोका तोच. गेलात तर काही हलवू नका. फोनवर वर्तुळाचं ठिकाण टिपा, उत्तर दिशा कळेल असा फोटो घ्या, व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा, दगड मोजा. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत, ते कोणत्या बाजूला आहेत तेही लिहा. दगड हलवल्याचा ताजा खड्डा दिसला तर त्याची नोंद सगळ्यात आधी करा.