खोडदची दुर्बीण कोणाची?

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण भारताने स्वतःच्या पैशातून उभारली आणि तिचा कारभार पुण्यातील विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. तरीही 2002 पासून जगातील कोणत्याही देशाच्या खगोलशास्त्रज्ञाला तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागता येतो. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात आणि गुणवत्तेनुसार वेळेचे वाटप होते. एखादे कार्य आंतरराष्ट्रीय कधी होते, याचे मला पटलेले उत्तर या व्यवस्थेत आहे. परदेशी पाहुण्यांना व्यासपीठावर बसवणे सोपे असते. आपल्या खर्चाने उभ्या केलेल्या साधनाचा मोलाचा वेळ, प्रसंगी आपल्याच संशोधकाला थांबायला सांगून, परक्या देशातील अधिक चांगल्या प्रस्तावाला देणे अवघड असते.

अर्थात, नुसते दार उघडे ठेवून कोणी येत नाही. या दुर्बिणीची उभारणी करणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी निवडल्या. अशा लहरी टिपणाऱ्या तबकडीला भरीव पत्रा लागत नाही, बारीक तारांची जाळी पुरते. म्हणूनच 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आपल्याला परवडल्या. या निवडीचे मोल 2023 मध्ये ठळकपणे दिसले. त्या वर्षी युरोपीय, भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी स्पंदक ताऱ्यांच्या (ठरावीक अंतराने रेडिओ-स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) नोंदींवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातील तरंगांच्या, अस्तित्वाचे पुरावे मांडले. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातील विद्युतभारित वायूमुळे स्पंदांना जो विलंब होतो, तो कमी वारंवारतेवर अधिक ठळक असतो, त्यामुळे खोडदच्या नोंदींनी तो अचूक मोजायला मदत केली. इतरांकडे सहज नसलेले काही आपण त्या संशोधनात आणले होते, म्हणून तो सहभाग केवळ नावापुरता राहिला नाही.

या साऱ्याची एक किंमत स्थानिकांनीही मोजली आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. दुर्बिणीला रेडिओ-शांतता, म्हणजे इतर रेडिओलहरींचा व्यत्यय नसलेला परिसर, हवी असल्याने परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. जगभरच्या संशोधकांना मिळणारा वेळ या निर्बंधांच्या आधाराने मिळतो. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते, तेव्हा आसपासच्या शाळांतील मुले मोठ्या संख्येने येतात. गेल्या वर्षभरात कोणत्या देशाच्या संशोधकांनी येथून काय पाहिले, हे त्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मराठीत सविस्तर सांगणे मला प्रस्तावांच्या निःपक्ष तपासणीइतकेच आवश्यक वाटते.