बाईंचा तास आणि हिशोबाची वही

नागरिकशास्त्र म्हणजे आमच्यावेळी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा विषय होता. इतिहासाच्या मागे जोडलेला, थोड्या मार्कांचा, राष्ट्रपतींना कोण निवडतं, राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती, मूलभूत हक्क कोणते, एवढं पाठ केलं की झालं. 1993 साली आम्ही नववीत गेलो आणि हा विषय बाईंकडे आला (नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही, आमच्या बॅचला कळेलच) आणि त्या वर्षी जे शिकलो त्यावर मी आजही पोट भरतेय असं म्हटलं तरी चालेल कारण मी ट्रस्टची ऑडिट करते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गॅदरिंग, सहली, स्पोर्ट्स यावर सगळे लिहितीलच, लिहायलाच पाहिजे. मला मात्र त्या तासाबद्दल लिहायचंय.

ते वर्षच तसं होतं. एप्रिलमध्ये पंचायतींबद्दलची 73वी घटनादुरुस्ती लागू झालेली, जूनमध्ये नगरपालिकांबद्दलची 74वी, म्हणजे आमच्या हातातलं पुस्तक आधीच मागे पडलेलं. बाई पेपरची कात्रणं आणायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या, अकराव्या अनुसूचीत 29 विषय, त्यात पिण्याचं पाणी आहे, रस्ते आहेत, प्राथमिक शाळा आहे, वाचनालय आहे, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा. हे लिहून झाल्यावर मुलींच्या बाकांकडे वळून म्हणाल्या, "आता तुमच्यापैकी कुणालाही सरपंच होता येईल, तेव्हा बजेट वाचायला आत्तापासून शिका." पुढे 2011 मध्ये महाराष्ट्रात हा वाटा निम्म्यावर गेला तेव्हा बाईंचा मला फोन आला होता, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती तरी.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे आधी प्रश्न आणि मग पुस्तक. हापसा बंद पडला तर कुणाकडे जायचं? शाळेची भिंत पडायला आली तर? मोठ्या रस्त्याला खड्डा पडला तर? एसटी थांबत नसेल तर? आमचं सगळ्याला एकच उत्तर, "सरकारकडे". मग फळ्यावर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, बांधकाम खातं, एसटी महामंडळ असे रकाने पडले आणि एकेक प्रश्न आपापल्या रकान्यात गेला. आमच्यातल्या कितीतरी जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सरकार म्हणजे मुंबई-दिल्लीत बसलेलं कुणीतरी एकच माणूस नाही, त्याला बरीच टेबलं आहेत आणि आपला कागद बरोबर टेबलावर गेला नाही तर तो तिथंच पडून राहतो. मराठीच्या तासाला आम्ही विनंती अर्ज लिहायचो तो मार्कांसाठी, बाईंनी तोच अर्ज खरा लिहायला लावला. शाळेसमोरचा रस्त्यावरचा दिवा महिनोन् महिने बंद होता त्याबद्दल. आणि ठासून सांगितलं, अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक तिथं द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन यायचा, त्याशिवाय परत यायचं नाही. आमचे दोघं जण गेले आणि आवक नंबर घेऊनच आले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही, अमुक कार्यालयाकडे वर्ग केला आहे. आमचे चेहरे पडले पण बाई खूश, म्हणाल्या, "बघा, आता नक्की कुणाला विचारायचं ते लेखी मिळालं."

माहितीचा अधिकार तेव्हा नव्हता. महाराष्ट्राचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. आज मुलांना सांगताना मला सोपं जातं, 10 रुपये फी, साधा अर्ज, 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पण अर्ज हातात धरून ऑफिसच्या पायऱ्या चढायची भीती जाणं हे वेगळंच शिक्षण आहे आणि ते चौदा-पंधराव्या वर्षीच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्या वयात एकदा ती भीती गेली की परत येत नाही.

मग 30 सप्टेंबर आला. गणपती विसर्जनानंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त, पेपरात फोटो यायला लागले, रेडिओवर आकडे वाढत चाललेले. शाळेत येताना सगळ्यांच्या डोळ्यात तेच होतं, मुलं म्हणायला लागली की आत्ताच्या आत्ता डबे घेऊन निघू, मदत गोळा करू. बाईंनी अडवलं नाही पण फळ्यापाशी उभं राहून विचारलं, पैसे मोजणार कोण? रात्री ठेवणार कुठं? कुणाच्या नावानं गोळा करणार? कुणाला पाठवणार, आणि ते पोचले हे आपल्याला कळणार कसं? वर्गात एकदम शांतता. आम्हाला वाटलेलं की दुःख झालं, डबा उचलला की काम झालं. बाई म्हणाल्या, लोक तुमच्या तोंडाकडे बघून पैसे देणार आहेत, तेव्हा ते पैसे योग्य जागी पोचेपर्यंत तुम्ही त्यांचे विश्वस्त आहात. विश्वस्त हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथं, नंतर आयुष्यभर रोज ऐकतेय.

मग नीट ठरलं. पावतीपुस्तकं आणली, प्रत्येक पावतीला नंबर, चुकली तर फाडायची नाही, त्यावर "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवायची. डबा उघडताना वेगवेगळ्या बाकांवरची दोन मुलं आणि एक शिक्षक, मोजणी वर्गासमोर, आकडा लगेच फळ्यावर आणि वहीत, खाली तिघांच्या सह्या. वही वर्गाच्या खिडकीत ठेवलेली, कुणीही उघडून बघावी. सातवीतली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत येऊन ती वही चाळून जायची आणि बेरीज तपासायची! मी आज मोठमोठ्या संस्थांची व्हाउचर बघते तेव्हा सांगते, इतकी स्वच्छ खातेवही मी फार कमी ठिकाणी पाहिली.

एका गोष्टीवरून वर्गात बराच वाद झाला. काही मुलांचं म्हणणं होतं की कुणी किती दिले त्याची यादी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवू म्हणजे बाकीचे जास्त देतील. ऐकायला बरोबर वाटत होतं. पण आमच्याच वर्गात अशी मुलं होती ज्यांची फी गरीब विद्यार्थी फंडातून भरली जायची आणि त्यांच्या घरून एखादं नाणंच येणार होतं. बाईंनी यादी वाचायची नाही असं सांगितलं, पावतीवर आकडा असतो, वहीत असतो, ज्याला बघायचा त्यानं बघावा, पण माइकवरून कुणाचा मोठेपणा आणि कुणाची गरिबी जाहीर करायची नाही. आणि मग त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली, 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. बाईंनी विचारलं, मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईला आपली संस्था कशी चाललीय हे विचारायचा हक्क आहे की नाही? सगळा वर्ग म्हणाला आहे. "मग मोठ्या देणगीदारापेक्षा कमी हक्क आहे का?" यावर जरा वेळ गेला, पण शेवटी तेही उत्तर "नाही" असंच आलं. त्याच आठवड्यात गरीब विद्यार्थी फंडाची नावं वर्गात पुकारायचं बंद झालं, ज्याला मदत मिळायची त्याला गुपचूप ऑफिसात बोलावून कागद देऊ लागले. हे बाईंनीच हेडसरांकडून करून घेतलं असणार, आम्हाला कुणी सांगितलं नाही पण कळलं.

पैसे डीडीनं मुख्यमंत्री निधीला गेले आणि काही महिन्यांनी पोस्टानं पावती आली ती बाईंनी काचेच्या बोर्डात लावली. वहीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा एक. माझ्यासारख्या गणितात बेताच्या मुलीला बेरीज जुळल्यावर काय वाटतं ते तेव्हा समजलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तास यानंतरचा. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, बाई, सरकार टॅक्स घेतं ना, मग लोकांनी का द्यायचं? त्याला कुणी गप्प बसवलं नाही. उलट त्यावर सलग दोन तास गेले. बाईंचं म्हणणं असं, शाळा, दवाखाना, पाणी हे हक्कानं मिळायला हवं, कुणाच्या दयेवर ते चालू शकत नाही, कारण दया आज असते उद्या नसते आणि ज्याच्यावर दया केली तो भांडू शकत नाही. भूकंपातली हजारो घरं उभी करणं डब्याच्या पैशातून होणार नव्हतंच, त्यासाठी सरकारच लागलं आणि जागतिक बँकेचं कर्जसुद्धा लागलं. पण त्याच भूकंपातल्या शेकडो मुलांना भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेलं, एकेका मुलाकडे बघायचं काम संस्थेला चटकन जमलं. म्हणजे दोघांची कामं वेगळी. आणि आपण देणगी देऊन एखादी खोली बांधली तरी ती सरकारनं का बांधली नाही हे विचारायचं सोडायचं नाही. टॅक्स आणि देणगी दोन्ही आपलेच पैसे, दोन्हीचा हिशोब मागायचा. मला बाईंचं सगळं शिक्षण या एका गोष्टीत आहे असं वाटतं आणि शाळांमध्ये हे दोन विषय वेगवेगळे का शिकवतात ते मला खरंच समजत नाही. कर्तव्यांचा धडा एकीकडे, दानाचा डबा दुसरीकडे.

निवडणुकीचं थोडक्यात सांगते. मतदानाचं वय 21 वरून 18 वर येऊन चारच वर्षं झालेली, मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांचा दरारा होता, फोटोवाल्या ओळखपत्रांची चर्चा चाललेली. आमचं शालेय मंत्रिमंडळ आधी हात वर करून निवडायचे, बाईंनी गुप्त मतदान आणलं, अर्ज भरणं, माघार, मतपत्रिका, सगळं. आणि जो हरला त्याला विरोधी पक्षनेता केलं, महिन्यातून एकदा तो मंत्र्यांना प्रश्न विचारणार. वाचनालयाच्या मंत्र्याची फार तारांबळ उडायची.

आता मी जे काम करते त्यातलं थोडं इथं लिहिते कारण स्मरणिका आत्ताच्या मुलांच्याही हातात जाणार आहे. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, त्याखाली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते, तिला नोंदणी नंबर मिळतो, हिशोब दरवर्षी द्यावे लागतात, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट टाकावा लागतो. परिशिष्ट एकचा उतारा काढला की विश्वस्त कोण आणि संस्थेची मालमत्ता काय ते दिसतं. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर कलम 41सी आहे, तशी परवानगी काढावी लागते. देणगीवर आयकरात सूट पाहिजे असेल तर 2000 रुपयांच्या वर रोख देऊन चालत नाही. हे सगळं पंधरा वर्षांच्या मुलाला समजतं, मी सांगून पाहिलंय, चांगलं समजतं.

अजून एक. धर्मादाय ट्रस्टची मोठी हॉस्पिटल्स असतात, त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, त्याच कायद्याचं कलम 41एए, आणि 2006 मध्ये मुंबई हायकोर्टानं त्याची योजना घालून दिली. किती घरं हे माहीत नसल्यामुळे दागिने मोडतात. आमच्या बॅचमधल्या एकाच्या वडिलांना ऍडमिट केलं होतं तेव्हा काउंटरवर सांगितलं अशी काही स्कीमच नाही. तो वाद घालत बसला नाही, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जोडून लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि एक कॉपी धर्मादाय कार्यालयाला दिली. बिल कमी झालं. मला फोनवर म्हणाला, आवक नंबर घेतला गं.

आत्ताच्या मुलांकडे मोबाईल आहे, क्यूआर कोड आहे, कुणाच्या ऑपरेशनचा मेसेज आला की त्यांना वाईट वाटतं आणि पुढे पाठवतात. वाईट वाटतं ही चांगलीच गोष्ट आहे, ती मोडायची नाही. फक्त खातं व्यक्तीच्या नावावर आहे का संस्थेच्या, नोंदणी नंबर आहे का, हॉस्पिटलला एक फोन करून खात्री केली का, जास्त पैसे जमले तर उरलेल्याचं काय करणार, एवढं विचारायची सवय लागायला हवी आणि विचारणं म्हणजे संशय घेणं असं कुणी मानायला नको. दुसरं म्हणजे फोटो. समाजसेवेचा प्रोजेक्ट म्हणून मुलांना कुठंतरी नेतात, वह्या वाटतात आणि घेणाऱ्या मुलासोबत फोटो काढून फाइलला लावतात. कृपा करून हे बंद करा. त्या फोटोतलं घेणारं मूलसुद्धा नववीतच असतं.

शाळेच्या नवीन हॉलसाठी माजी विद्यार्थी निधी सुरू झालाय, ग्रुपवर रोज नावं येताहेत, बघून आनंद होतो, मीही दिलेत. समितीला माझी विनंती आहे की पावतीवर संस्थेचा नोंदणी नंबर ठळक छापावा, ग्रुपवर नावांपुढे रकमा टाकू नयेत, आणि दर महिन्याची जमा-खर्चाची वही नववीच्या वर्गात ठेवावी. मोजणीला आणि बिलं बघायला त्या वर्गातली दोन मुलं आळीपाळीनं घ्यावीत, एक मुलगी एक मुलगा. त्यांना व्हाउचर कसं वाचायचं, कोटेशन तीन का मागवायची, बँकेचं स्टेटमेंट वहीशी कसं जुळवायचं हे शिकवायला मी महिन्यातल्या एका शनिवारी येईन, ऑडिटची फी घेणार नाही. कोणता शनिवार ते हेडमॅडमनी कळवावं.